मामाच्या मांडीतली प्लेट

आमच्या राजानंद मामाच्या हातात कुठलीही वस्तू द्या, तो ती आधी वाकवून बघणार. चमचा असो, छत्रीची काडी असो, नाहीतर माझ्या लग्नात आलेलं स्टीलचं ताट. यात त्याचा फारसा दोष नाही. जालन्याच्या एमआयडीसीतल्या एका रोलिंग मिलमध्ये तो कित्येक वर्षं सळया वाकवतोय. भट्टीतून निघालेली सळई थंड झाली की प्रत्येक खेपेतला एक तुकडा कापून त्याच्या मशीनवर येतो. मामा तो घोड्याच्या नालेसारखा वाकवतो, वाकल्या जागेवरून अंगठा फिरवतो आणि चीर लागली नाही की ओरडतो, "पास!" त्याच्या त्या एका शब्दावर ट्रक भरले जातात. घरी भाकरीलाही तो पास-नापास करतो, आणि मामी त्याला उलथनं दाखवते.

मामा माझ्या आईचा सगळ्यात धाकटा भाऊ. लहानपणी मी त्याच्याच कडेवर असायची, त्यामुळे मी त्याला अजूनही अरे-तुरे करते. दैवशाला मामीला ते आजतागायत खटकतं. मी मोनाली, फिजिओथेरपिस्ट. नवीन जालन्यात स्टेशनकडे जाणाऱ्या रस्त्यावर एका बियाण्याच्या दुकानाच्या माडीवर माझं क्लिनिक आहे. दिवसभर लोकांचे गुडघे, कंबरा आणि खांदे माझ्या हाताखालून जातात. पेशंट म्हणतात, मॅडमचा हात चांगला आहे, पण तोंड फार तिखट. खरं आहे ते. सांगितलेलं ऐकायचंच नसेल तर माणसं माझा जिना चढून येतात तरी कशाला, हे मला आजवर कळलेलं नाही.

मामाच्या घरात तिसरं माणूस म्हणजे माझी आजी, चांगुणाबाई. लकवा झाल्यापासून तिची उजवी बाजू गेलेली. बोलणं हळूहळू परत आलं, पाय आले नाहीत. मामा रोज सकाळी तिला दोन्ही हातांवर उचलायचा, उंबरा ओलांडून अंगणात न्यायचा आणि उन्हात खुर्चीत बसवायचा. तासाभराने पुन्हा उचलून आत. हसनाबादला शेतमजुरी करून जिने चार लेकरं वाढवली, ती बाई आता पाखरासारखी हलकी झाली होती. तरी तिला मामाशिवाय कुणी उचललेलं चालायचं नाही. पडायची भीती तिच्या अंगात बसली होती. मी आणि मामी चादरीची झोळी करून उचलायला गेलो की ती अशी किंचाळायची की शेजारपाजारचे धावत यायचे. पेशंट कसा उचलायचा हे मी शिकलेय, परीक्षेत पहिली आलेय त्यात. आजीला त्याचं काय!

मागच्या वर्षी हसनाबादहून एका लग्नातून परत येताना मामाच्या मोटरसायकलला रोही, म्हणजे नीलगाय, आडवं गेलं. रोही पळून गेलं. मामा रस्त्याच्या कडेला पडला आणि डाव्या मांडीचं हाड गुडघ्याच्या वर मोडलं. जालन्यातल्या एका खासगी दवाखान्यात ऑपरेशन झालं. हाडाच्या बाजूने लांब प्लेट बसवली, वरखाली स्क्रू घातले. डॉक्टर हुशार होते, काम नीट झालं होतं.

शुद्धीवर आल्यावर माणसं पाणी मागतात. मामाने विचारलं, "किती जाडीची टाकली?"

डॉक्टरांनी हसून बोटांनी अंदाज दाखवला.

"स्टीलचीच हाय ना?"

"स्टीलचीच."

"मंग बराबर," मामा म्हणाला आणि डोळे मिटले. "आता काही टेन्शन न्हाई."

हे टेन्शन नसणं मला तिथेच खटकलं. डॉक्टरांनी बजावलं होतं की तो पाय जमिनीला नुसता टेकवायचा, त्यावर भार द्यायचा नाही, आम्ही एक्स-रे बघून सांगू तेव्हाच. वॉकर घेऊन उजव्या पायाने चालायचं. मामा मान हलवत होता. पण ज्या माणसाची मान पटकन हलते त्याच्यावर मी कधी विश्वास ठेवत नाही. घरी आणल्यावर मी त्याच्या खाटेशी बसले.

"मामा, स्लॅब टाकल्यावर खालून टेकू देतात का न्हाई?"

"देतात ना."

"मंग टेकू लावलेत म्हणून त्या ओल्या स्लॅबवर विटांचा ढीग रचतं का कुणी?"

"येडी हायेस का?"

"तुझं हाड आता ओला स्लॅब हाय. प्लेट म्हंजे टेकू. तुझं वजन प्लेटनं न्हाई, हाडानं पेलायचंय. प्लेट फक्त हाड जुळेस्तोवर त्याला जागेवर धरून ठेवती."

त्याला पटल्यासारखं दिसलं. मग मी पुढचंही सांगितलं, कारण अर्धवट सांगितलेलं लोक सोयीनं वापरतात. आपण पाऊल टाकतो तेव्हा क्षणभर एकाच पायावर असतो. तेवढ्यात अंग दुसरीकडे कलंडू नये म्हणून खुब्याचे स्नायू जीव तोडून ओढून धरतात, आणि त्या ओढीचा दाबही हाडांवरच येतो. कडेवर पोर घेतलेली बाई जशी उलट्या बाजूला झुकून तोल धरते, तसं आत प्रत्येक पावलाला चाललेलं असतं. खुब्याच्या सांध्यावर तर अंगाच्या वजनाच्या दुप्पट-तिप्पट भार येतो. मांडीचं हाड वरून थोडं बाकदार, त्यामुळे तो भार सरळ खाली जात नाही, हाडाला वाकवू बघतो. हाड जुळलेलं असेल तर ते पेलतं. जुळलेलं नसेल तर प्रत्येक पावलाला ती प्लेटच वाकते, केसाएवढी, आणि परत सरळ होते.

"वाकून सरळ झाली म्हंजे पासच की," मामा म्हणाला.

मी कपाळाला हात लावला.

खरा घोळ पुढेच होता. मामा खाटेला खिळला आणि आजीचं ऊन बंद झालं. मामी सकाळी बियाणं कंपनीत पॅकिंगला जायची. मी क्लिनिक उघडण्याआधी येऊन दोघांचे व्यायाम करून घ्यायची. आजीला बाहेर काढायचे आम्ही सगळे प्रकार करून बघितले. चादरीला ती ओरडायची. मी व्हीलचेअर आणली तर तिच्यात बसवताक्षणी तिने डाव्या हाताने माझी ओढणी अशी धरली की मला श्वास घेता येईना. शेवटी मामी म्हणाली, राहू द्या, घाबरून जीव जाईल म्हातारीचा.

एकाच कुशीवर पडून पडून आजीच्या माकडहाडापाशी लाल चट्टा आला. मी दर दोन तासांनी कूस बदलायला सांगितलं, पण दिवसभर घरात हे दोघंच. एकीला उठता येत नव्हतं, दुसऱ्याला पायावर भार देऊन तिला वळवायची परवानगी नव्हती. चट्ट्याची जखम झाली. मी ती रोज धुवायची तेव्हा आजी दात आवळून पडायची. समोरच्या खाटेवर मामा भिंतीकडे तोंड करायचा.

आणि ऊन अंगणातून सरकायला लागलं की आजी दारातून बघत म्हणायची, "राजा, ऊन गेलं रं."

रोज म्हणायची. तक्रार म्हणून नाही, नुसतं सांगायची. मला ते ऐकवायचं नाही, मामाचं काय होत असेल?

याच सुमारास माऊली भेटायला आला. माऊली मामाचा मिलमधला जोडीदार, आता मामाच्या जागी तोच मशीनवर होता. काही वर्षांपूर्वी माऊलीच्याही मांडीत अशीच प्लेट बसवली होती. हाड पक्कं जुळल्यावर ती काढली, तेव्हापासून ती फडक्यात गुंडाळून त्याच्या घरी होती. आपल्या अंगातून निघालेली वस्तू कुणाला टाकवत नाही. दोघा मित्रांनी काय खलबत केलं देव जाणे. दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत माऊलीने ती प्लेट मिलमध्ये नेली आणि मामाला व्हिडिओ कॉल लावला. मशीनवर प्लेट चढवली. सगळे कामगार डबे सोडून भोवती गोळा. खाटेवर पडल्या पडल्या मामा हुकूम सोडतोय, "हळू घे, हळू! अजून. अजून घे!" प्लेट वाकत वाकत पार नालेसारखी झाली. माऊलीने वाकल्या जागेवरून अंगठा फिरवला, फोनजवळ आणून दाखवला. चीर नाही.

"राजाभाऊ, पास!"

पलीकडे टाळ्या, इकडे मामाच्या डोळ्यांत पाणी. हा सगळा व्हिडिओ मामाने मला कौतुकाने पाठवला. मी तो दोन पेशंटच्या मधे बघितला आणि आधी हसले. मग माझं डोकं असं तापलं की दुपारी क्लिनिक बंद करून मी मामाच्या घरी गेले. जाताना हार्डवेअरच्या दुकानातून बाइंडिंग तार घेतली.

"ही एकदा वाकवली तर तुटती का?"

"न्हाई."

मी त्याच्यासमोर तार मागे-पुढे, मागे-पुढे वाकवत राहिले. तार गरम झाली आणि तुटली. तुकडे त्याच्या पोटावर टाकले.

"तुमी ती प्लेट एकदा वाकवली, मामा. तू दिवसाला हजार-दोन हजार पावलं टाकशील. महिन्याची किती झाली? प्लेट अशी मरती. एका दणक्यानं न्हाई मरत."

"मोने, ही तार हाय. ती प्लेट हाय. तू स्टील मला शिकवून राह्यली का?"

"माऊलीचं हाड जुळलं होतं म्हणून त्याची प्लेट टिकली. उलटं न्हाई झालं ते."

"स्टील थकत न्हाई, मोने," मामा शांतपणे म्हणाला. "माणूस थकतो."

मला राग आला आणि रडूही आलं. कारण त्याचं लक्ष माझ्याकडे नव्हतंच. तो आजीकडे बघत होता.

ठरल्या दिवशी एक्स-रे काढला. मोडल्या जागी काळी रेघ तशीच होती. डॉक्टर म्हणाले, हाड सावकाश भरतंय, आणखी थांबावं लागेल, आणि तंबाखू आजपासून बंद. तंबाखूनं हाड जुळायला उशीर होतो हे मी त्याला आधी तीनदा सांगितलं होतं. मामीने घरी येऊन उशीखालची पुडी चुलीत टाकली. मामा काहीच बोलला नाही. गप्प मामा म्हणजे धोक्याची गोष्ट, हे आम्हाला कळायला हवं होतं म्हणा. पण आजीच्या जखमेत पू झाला होता आणि आम्ही सगळे त्यातच होतो.

मामी कामाला गेली की तो घरात चालायचा, हे नंतर कळलं. आधी भिंत धरून, मग भिंत सोडून. दुखायचं, पण दुखणं सोसायला तो लहानपणापासून शिकलेला. खाटेपासून दारापर्यंत, दारापासून खाटेपर्यंत. आजी बघायची, पण तिने कुणाला सांगितलं नाही. लेक चालायला लागला याचा तिला आनंदच झाला असणार.

त्या सकाळी मी दाराशी चप्पल काढत होते. अंगणात कोवळं ऊन होतं. समोर मामा वॉकर न घेता उभा, आणि त्याच्या दोन्ही हातांवर आजी. तिचं डोकं त्याच्या खांद्यावर होतं आणि ती अर्ध्या तोंडाने हसत होती. इतक्या महिन्यांत मी तिला हसताना पाहिलं नव्हतं. मामाने मला पाहिलं आणि त्याच्याही तोंडावर लहान पोरासारखी फुशारकी आली.

"बघ मोने," तो म्हणाला आणि डावा पाय पुढे टाकला.

आवाज मोठा नव्हता. वाळलेली काडी मोडावी तेवढाच. मामाची मांडी मधूनच वाकली. त्याने आजीला सोडलं नाही. मागे कोसळताना तिला छातीशी धरून ठेवलं, आणि ती त्याच्या अंगावर पडली. तिला खरचटलंही नाही. मामाने तोंडातून शब्द काढला नाही, ओरडली ती आजी. मी बरेच आक्रोश ऐकलेत दवाखान्यांतून, पण तो अजून माझ्या कानातून जात नाही.

दुसरं ऑपरेशन मोठं होतं. तुटलेली प्लेट काढली, हाडाच्या पोकळीतून रॉड घातला, कमरेच्या हाडातून थोडं हाड काढून मोडल्या जागी भरलं. दवाखान्याने प्लेटचे दोन तुकडे पिशवीत घालून हातात दिले. मामाने ते खाटेवर बसून उजेडाला धरले. कितीतरी वेळ तो तुटलेल्या कडेवरून अंगठा फिरवत होता. स्क्रूच्या एका रिकाम्या भोकापाशी ती तुटली होती. कडेचा बराचसा भाग गुळगुळीत होता, घासून घासून झिजल्यासारखा. उरलेला थोडा भाग खरबरीत, ताजा.

मला त्याचा अर्थ माहीत होता.

"ही त्या दिवशी न्हाई तुटली, मोने," मामा म्हणाला. "बरेच दिवस तुटत आल्ती. ह्या भोकापासून चीर सुरू झाली, मी चालून राह्यलो तशी ती आत गेली. त्या सकाळी एवढीशीच उरली व्हती." त्याने खरबरीत भागावर नख ठेवलं. "आई न्हाई उचलली असती तरी दोन-चार दिवसांत गेलीच असती."

मी त्याला इतके महिने शिव्या घालत आले होते. त्या दिवशी एकही सुचली नाही.

त्याने ते तुकडे आजीला दाखवले. खाट तिच्या खाटेजवळ सरकवून घेतली आणि समजावलं, आई, हे बघ, हे जुनं तुटलेलं हाय, हे नवं. तुझ्या वजनानं काही झालं न्हाई. आजीने तुकड्यांकडे पाहिलं नाही. तिने डोळे मिटले. त्या सकाळनंतर तिने उन्हाचं नाव काढलं नव्हतं. मामाला "राजा" म्हणून हाकही मारली नव्हती. पाणी हवं असलं तर मामीला सांगायची. माझ्या मनात येई, हिने भांडावं, रडावं, काहीतरी करावं. जखम भरत आली, पण ती दिवसेंदिवस आणखी लहान दिसायला लागली.

या खेपेला मामाने मात्र सगळं ऐकलं. वॉकरशिवाय एक पाऊल नाही. तंबाखू सुटली. मी सांगितलेले व्यायाम तो एवढ्या मुकाट्याने करायचा की मलाच कसंतरी व्हायचं. मी मुद्दाम चिडवायची, मामा, आज भाकरी पास का नापास? तो नुसतं हसायचा. त्याला एकच विचारायचं असायचं, आणि प्रत्येक वेळी तेच विचारायचा: "उचलता येईल ना गं आईला?"

"हाड भरलं की येईल."

उन्हाळा गेला, पावसाळा संपत आला. शेवटच्या एक्स-रेमध्ये ती काळी रेघ नव्हती. तिच्या जागी पांढरं, ओबडधोबड, भरलेलं हाड होतं. मी ते चारही बाजूंनी बघितलं, डॉक्टरांना दोनदा विचारलं, भांडल्यासारखं विचारलं. ते म्हणाले, पूर्ण भार द्या. पाय थोडा आखूड झालाय, थोडं लंगडत चालतील, पण हाड पक्कं आहे. वजन उचलू शकतात? उचलू शकतात.

दुसऱ्या दिवशी सकाळी मामी सुट्टी घेऊन घरी थांबली. तिने अंगणातली खुर्ची पुसून ठेवली. मामाने अंघोळ केली, धुतलेला शर्ट घातला आणि लंगडत आजीच्या खाटेपाशी गेला. काठीही नव्हती हातात.

"आई, चल. ऊन आलंय."

त्याने तिच्या पाठीखाली हात घातला. आजीने डाव्या हाताने खाटेचा दांडा धरला.

"आई, पाय जुळलाय. मोनीनं बघितलाय. बिलकुल पक्का हाय."

ती दांडा सोडेना. तिच्या हाताच्या शिरा ताठल्या होत्या.

"सोड ना आई."

"न्हाई," आजी म्हणाली. बऱ्याच दिवसांनी ती त्याच्याशी बोलत होती. "हात लावू नको मला."

"अगं, तुझ्यामुळं न्हाई झालं ते. किती बार सांगू?"

"माझ्या अंगाला लागून मोडला तुझा पाय," ती म्हणाली. "मी आवाज ऐकलाय. तू मला शिकवू नको."

तिच्या त्या एका हातात कितीसं बळ असणार! सळया वाकवणाऱ्या माणसाला ती बोटं सोडवायला क्षण लागला नसता. मामाने तिच्या पाठीखालचा हात हळूच काढून घेतला. तो मला म्हणाला, "समजाव तू तिला." मी आजीजवळ बसले, तिला हाडाचं सांगितलं, एक्स-रे दाखवला, माझी शपथ घातली. ती माझं सगळं ऐकत राहिली. मग म्हणाली, "तू आन् दैवशाला उचला. झोळी करा."

आम्ही चादर आणली. आजीला कुशीवर वळवून ती खाली सरकवली, एका टोकाला मामी, एका टोकाला मी. उचललं तशी आजीने डोळे गच्च मिटले. डाव्या हाताने तिने चादरीची कड मुठीत धरली होती. मी तिच्या किंकाळीची वाट बघत होते. ती आली नाही. तिने ओठ दाताखाली धरून ठेवला होता.

मामा दाराच्या मधोमध उभा होता. आम्ही जवळ आलो तसा तो बाजूला सरकला आणि त्याने आम्हाला वाट दिली.